मासा गळाला, अस्वल काठाला: आधी काय सोडायचं?

गळकरी
जुलैत आम्ही चौघे अलास्कात, केनाई द्वीपकल्पावर, सॉकाय सॅमनच्या मागे जाणार आहोत. अस्वल दिसल्यावर काय करायचं याची माहिती ढिगाने मिळते, पण ती सगळी पायवाटेने चालणाऱ्याला उद्देशून असते. इथे माणूस वेडर्स (छातीपर्यंतची जलरोधक विजार) घालून गुडघाभर पाण्यात उभा आहे, दोन्ही हात रॉडवर, टोकाला तीन किलोचा मासा उसळ्या मारतोय, आणि चाळीसेक मीटरवर झुडपातून तपकिरी अस्वल बाहेर येतं. आधी काय सोडायचं आणि काय धरायचं?

उपप्रश्न दोन: अस्वलाला हटवायचा तिखट स्प्रे अंगावर नेमका कुठे लावायचा? आणि पकडलेले मासे ठेवायचे कुठे?

एक विनंती. 'आमच्या मेव्हण्याला एकदा' छापाचे किस्से नकोत. कृती सांगा.

तिरपागडा
आधी मेव्हण्याला सोडायचं.
(पॉपकॉर्न घेऊन बसलोय.)

नदीकाठ
मासा सोडायचा. यात वाद नाही, फक्त कसा सोडायचा ते आधी हाताला सवयीचं करून जा. गळाला लागलेला मासा पाण्यावर जो फडफडाट करतो, त्याच्या दिशेने अस्वल येतं. तुमच्यात त्याला सहसा काहीही रस नसतो. फडफडाट थांबवणं हे पहिलं काम.

अस्वल लांब असेल आणि आपल्याच नादात असेल तर नुसती ढील द्या. रीळचा बेल, म्हणजे दोरी अडवणारी तारेची कडी, उघडा, दोरी मोकळी सोडा. ताण गेला की मासा झटापट करायचं थांबतो आणि गळ बिनकाट्याचा असेल तर बरेचदा आपोआप निसटतो.

अस्वल तुमच्याकडे वळलं असेल तर तोडा. इथेच लोक गडबडतात. सवयीने रॉड वर उचलून हिसके देतात आणि दोरी तुटत नाही, कारण वाकलेला रॉड सगळा हिसका स्वतःत जिरवतो. उलट करायचं. रॉड खाली आणून सरळ माशाच्या रेषेत धरा, म्हणजे तो वाकणारच नाही. रीळचा स्पूल तळव्याने घट्ट दाबा, दोन पावलं मागे या. सगळा ताण लीडरच्या, म्हणजे गळालगतच्या कमी ताकदीच्या दोरीच्या, गाठीवर येतो आणि ती तुटते. त्या क्षणी मान जराशी वळवा. सॉकायच्या जोडणीत शिसं असतं, ते सुटलं की थेट तोंडावर येतं. चष्मा, साधा गॉगल का होईना, डोळ्यावर हवाच.

कापणं तिसऱ्या नंबरावर.

माधुरी_र
कापणं तिसरं का? छातीवर दोरी कापायचा निपर लटकवलेला असतोच. कट, विषय संपला. मागे पावलं टाकायच्या भानगडीत गोट्यांवरून घसरायला व्हायचं.

नदीकाठ
माधुरीताई, घसरण्याचा मुद्दा रास्त आहे, म्हणून दोनच पावलं, आणि पाय न उचलता सरकवत. पण रॉडजवळ कापलं की वीस-पंचवीस मीटर दोरी माशामागे जाते. ती ओंडक्याला अडकते, मासा तिथेच बांधल्यासारखा फडफडत राहतो, आणि अस्वलाला आयता मिळतो. शिवाय निपर शोधताना मान खाली जाते. नेमकी तेव्हा नजर अस्वलावर हवी.

मात्र तोडायचं तर जोडणी तशी हवी. लीडरची ताकद मुख्य दोरीच्या साधारण निम्मी ठेवा. मुख्य दोरी ब्रेडेड (विणलेली), ३०-४० पाउंडांची असेल तर पुढे तंगूस १५-२० पाउंडांचा. ब्रेडेड ५० आणि लीडर ४० अशी जोडणी असली तर हाताने तुटायची नाही. तिथे तुमचं बरोबर, कापाच. ब्रेडेड हाताभोवती गुंडाळून ओढू मात्र नका, ती मांसात रुतते.

बबनराव
केनाई म्हणजे ती रशियन रिव्हर ना? अलास्कात रशियन नदी कुठून आली?

उलटाप्रवाह
१८६७ पर्यंत अलास्का रशियाचंच होतं. अमेरिकेने विकत घेतलं, नावं तशीच राहिली.

धाग्याच्या मुद्द्यावर. कॅटमाई राष्ट्रीय उद्यानात ब्रुक्स नदीवर नदीकाठ म्हणतात ते ऐच्छिक नाहीच, नियम आहे. अस्वल ५० यार्डांच्या, म्हणजे ४५ मीटरच्या, आत आलं की मासेमारी बंद. मासा लागलेला असेल तर दोरी तोडायची. तिथे पोहोचल्यावर प्रत्येकाला अस्वलांबद्दलचा छोटा वर्ग सक्तीने करावा लागतो. उद्यानात अंदाजे २,२०० तपकिरी अस्वलं आहेत, आणि ब्रुक्स नदी आहे जेमतेम अडीच किलोमीटर लांबीची. जुलैत धबधब्यापाशी अस्वलांची गर्दी असते, सप्टेंबरात खालच्या अंगाला, कारण तोवर अंडी घालून दमलेले, मेलेले मासे तिथे वाहत येतात.

नियमामागचं कारण समजून घ्या. माणसाला सरावलेलं अस्वल वेगळं आणि माणसाकडून खाणं मिळतं हे शिकलेलं अस्वल वेगळं. पहिलं तुमच्या बाजूने ढिम्म निघून जातं. दुसऱ्याला एकदा तुमच्या दोरीवरचा मासा मिळाला की वाकलेला रॉड म्हणजे जेवण, हे गणित त्याच्या डोक्यात बसतं. मग ते काठावरच्या प्रत्येक माणसाकडे वसुलीला येतं. तुम्ही निघून जाता, भोगायला पुढचा गळवाला असतो. आणि शेवटी ते अस्वलच मारलं जातं.

माधुरी_र
पटलं. पण ४५ मीटर डोळ्याने ओळखायचे कसे? पाण्यावर अंतराचा अंदाज हमखास फसतो.

उलटाप्रवाह
हात पूर्ण लांब करा, अंगठा उभा धरा. आडवं उभं असलेलं मोठं अस्वल अंगठ्यामागे पूर्ण झाकलं गेलं तर ते साधारण ९० मीटर किंवा त्याहून लांब आहे. दोन्ही बाजूंनी बाहेर दिसत असेल तर ४५ च्या आसपास किंवा आत. तंतोतंत नाही, पण हातात दुसरं काही नसताना पुरतं. अमेरिकेतल्याच यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानात मर्यादा १०० यार्डांची आहे, तिथे तर हे फारच सोयीचं.

सायली_जोग
स्प्रेबद्दल. वेडर्सच्या कमरपट्ट्यावर लावू नका. कमरेभर पाण्यात गेलात की डबा पाण्याखाली, आणि वर जॅकेट असेल तर होल्स्टर झाकला जातो. पाठीवरच्या पिशवीत असेल तर घरी असल्यातच जमा. जागा एकच: छातीवर, वेडर्सच्या खांद्याच्या पट्ट्याला किंवा छातीच्या हार्नेसला, जॅकेटच्या बाहेर. ज्या हाताने रॉड धरत नाही त्या हाताला सहज मिळेल असा.

छाती का, त्याचा हिशोब. अस्वल ताशी ५५ किलोमीटरपर्यंत धावतं, म्हणजे सेकंदाला पंधरा मीटर. तीस मीटरवरून सुटलं तर तुमच्याकडे दोन सेकंद. त्यात रॉड टाकणं, डबा काढणं, क्लिप उडवणं, दाबणं. पिशवीची चेन अर्धी उघडेपर्यंत दोन सेकंद संपतात.

घेताना डब्यावर बघा: २२५ ग्रॅम किंवा जास्त, कॅप्सेसिनॉइडचं (तिखटपणा देणाऱ्या घटकाचं) प्रमाण १ ते २ टक्के, अमेरिकेत ईपीएचा (तिथल्या पर्यावरण खात्याचा) नोंदणी क्रमांक. माणसांसाठीचा छोटा पेपर स्प्रे उपयोगाचा नाही, त्याची धार बारीक असते. अस्वलाच्या स्प्रेचा ढग होतो, आणि ढगच हवा असतो.

वापर: अस्वल चालून येत असताना साधारण ९ मीटरवर आलं की सुरू करा. नेम चेहऱ्याच्या थोडा खाली, कारण ढग वर चढतो आणि ते धावत त्याच्यात शिरतं. एक-दोन सेकंद दाबा, बघा, गरज असेल तर पुन्हा. पूर्ण डबा सात ते नऊ सेकंदांत संपतो, सगळा एका दमात उडवू नका. समोर आपलाच माणूस उभा नाही ना, हे आधी बघा. चौघे आहात तर हा धोका खरा आहे.

तिरपागडा
म्हणजे लाल तिखटच. तंबूभोवती आधीच शिंपडून ठेवलं तर? रात्री निवांत झोप.

सायली_जोग
अजिबात नको! विनोद म्हणून लिहिलं असेल, पण लोक खरंच तसं करतात. हवेतला ढग नाकाडोळ्यात गेला तर अस्वल पळतं. जमिनीवर सुकलेला थर मात्र त्याला वासाने ओढून आणतो. तपकिरी अस्वलं अशा जागी येऊन हुंगताना, लोळताना पाहिली गेली आहेत. ही डासांची कॉइल नव्हे.

कट्टर_शिकारी
नदीवर वारा असतो, पाऊस असतो. स्प्रे उलटा तुमच्याच तोंडावर यायचा. बंदूक ती बंदूक.

सायली_जोग
वाऱ्याचा मुद्दा खरा आहे, पण तो तपासला गेलेला आहे. अलास्कातल्या १९८५ ते २००६ मधल्या ८३ घटनांचा अभ्यास २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. तपकिरी अस्वलांचं नको ते वागणं स्प्रेने ९२ टक्के वेळा थांबलं, काळ्या अस्वलांचं ९० टक्के. जवळच्या गाठीत स्प्रे बाळगणाऱ्यांपैकी ९८ टक्क्यांना काही इजा झाली नाही. वाऱ्याचा त्रास ७ टक्के वेळा नोंदला गेला, तरीही स्प्रे अस्वलापर्यंत पोहोचला होता. वारा समोरून असेल तर अस्वल जरा जास्त जवळ येऊ द्यावं लागतं आणि थोडं आपल्यालाही लागतं. डोळे चोळायचे नाहीत, पाण्याने धुवायचे.

उलटाप्रवाह
बंदुकीबद्दल एवढंच. सेकंदाला पंधरा मीटरने खालीवर होत येणाऱ्या डोक्यावर नेम धरायला रोजचा सराव लागतो. सुट्टीवर आलेल्याकडे तो नसतो. शिवाय अलास्कात स्वसंरक्षणासाठी अस्वल मारलं तर कातडं नखांसकट आणि कवटी काढून सरकारजमा करावी लागते. आणि तुम्ही मासे उघड्यावर टाकून त्याला बोलावलं असेल तर ते स्वसंरक्षणात बसत नाही. सोलायची सुरी घेऊन नदीकाठी चार तास बसायची तयारी असेल तर खुशाल न्या.

कट्टर_शिकारी
ज्यांचा सराव आहे त्यांच्यासाठी म्हणत होतो. असो. नवख्याने स्प्रेच न्यावा, इथपर्यंत सहमत.

बबनराव
हल्ला अंगावर आलाच तर खोल पाण्यात शिरलं तर? अस्वलाला पोहता येतं का?

नदीकाठ
तुमच्यापेक्षा बरंच चांगलं. खोल पाणी ही पळवाट नाहीच. वेडर्समध्ये पाणी भरलं की पाय उचलवत नाहीत, आणि बर्फ वितळून आलेल्या त्या पाण्यात हात पाच-दहा मिनिटांत बधिर होतात. अस्वलाआधी नदीच मारेल. वेडर्सचा पट्टा कायम घट्ट बांधलेला ठेवा. पाण्यात असताना अस्वल दिसलं तर काठावर या, पण ते ज्या काठाने येतंय त्याच्या पायवाटेवर नाही. अस्वलं काठाला समांतर चालतात, गवतात त्यांच्या मळलेल्या वाटा दिसतात. त्या वाटेपासून बाजूला सरका, तिला रस्ता मोकळा द्या. बहुतेक वेळा तिला फक्त पुढे जायचं असतं.

अनघा
'तिला' म्हणजे पिल्लंवाली गृहीत धरलीय का?

नदीकाठ
धरावीच. पिल्लू दिसलं आणि आई दिसत नसेल तर ती कुठे आहे हे कळेपर्यंत हलूही नका, मधे सापडण्याची शक्यता असते. ती दिसली की तिच्या उलट दिशेने मागे सरा.

अनघा
मग देहबोलीचंही लिहिते. मागच्या दोन पायांवर उभं राहिलं की लोक घाबरतात. तो हल्ला नसतो, वास आणि नजर नीट मिळावी म्हणून ते उभं राहतं. खरी लक्षणं वेगळी: जबडा कटकट वाजवणं, फुसफुस श्वास, तोंडातून लाळ, डोकं खाली, कान मागे पाडलेले. ही ताणाची चिन्हं आहेत. अर्थ एवढाच की तुम्ही फार जवळ आहात. शांत, जाड आवाजात बोलत, तिरकं मागे सरायचं. किंचाळायचं नाही, चिरका आवाज शिकारीच्या ओरडण्यासारखा वाटतो. तुम्ही सरलात आणि ते पुढे आलं, तर थांबा. जागेवर उभे राहा. चौघे असाल तर खांद्याला खांदा लावून.

याउलट, न आवाज करता, कान पुढे करून, एकटक बघत तुमच्या मागेमागे येणारं अस्वल जास्त काळजीचं. त्याला ताण नाही, त्याला रस आहे. तिथे आवाज चढवायचा, अंग मोठं दाखवायचं, दगड मारायचे.

माधुरी_र
आणि अंगाला भिडलंच तर? मेल्याचं सोंग घ्यायचं की मारामारी, यावर दर वेळी गोंधळ असतो.

अनघा
अस्वल कोणतं आणि का आलं, यावर ठरतं. तपकिरी अस्वल दचकून किंवा पिल्लांसाठी आलं आणि अंगाला लागलं तर पालथं पडायचं. पोट जमिनीला, बोटं मानेमागे गुंफलेली, पाय फाकवून, म्हणजे ते सहज उलथवू शकत नाही. पाठीवरची पिशवी काढायची नाही, ती ढाल आहे. ते गेल्यावरही लगेच उठायचं नाही, पुष्कळदा ते थोडं दूर थांबून बघत असतं. अंगाला लागायच्या आधी मात्र पडायचं नाही! बहुतेक धावे हुलकावणीचे असतात, तोवर उभं राहून स्प्रे.

काळं अस्वल भिडलं तर सोंग नाही, नाकावर, तोंडावर जे हातात असेल त्याने मारायचं. तंबूत शिरलेलं किंवा माग काढत आलेलं कोणतंही अस्वल असो, तिथेही लढायचंच.

रंगावरून ओळखू नका. काळी अस्वलं तपकिरीही असतात. खांद्यावर उंचवटा, कपाळापासून नाकापर्यंत खोलगट चेहरा, पुढच्या पंजांची लांब नखं, ही तपकिरीची खूण.

बबनराव
आपल्याकडच्या अस्वलाला हेच लागू?

अनघा
नाही. आपलं अस्वल वाळवी, मुंग्या, फळं खाणारं. माशाशी त्याला देणंघेणं नाही, त्याचे हल्ले जवळून अचानक गाठ पडल्यामुळे होतात. वेगळा धागा काढा, इथे तलाव आणि मोहाची झाडं आणू नका. :)

गळकरी
भरपूर मिळालं, आभार. पकडलेल्या माशांचं राहिलं. स्ट्रिंगरला (मासे ओवायच्या दोरीला) अडकवून पाण्यात ठेवणार होतो.

माधुरी_र
स्ट्रिंगर हाताच्या अंतरावर असेल तरच. वीस मीटर मागे काठाला बांधून पुढे सरकत गेलात की ते तुमचे मासे राहत नाहीत. मारलेल्या माशाचे लगेच कल्ले कापून प्रवाहात रक्त काढा, जाड प्लास्टिकच्या पिशवीत घाला, दोन-तीन जमले की एकाने जाऊन गाडीतल्या बंद कूलरमध्ये टाकून यावं. कूलर काठावर आणायचाच नाही. आणि हात वेडर्सला पुसू नका! दिवसभर तो वास तुमच्यासोबत फिरतो, संध्याकाळी तंबूत येतो.

नदीकाठ
साफ करायचं ते नेमून दिलेल्या टेबलांवर किंवा थेट मुक्कामी. काही नद्यांवर सांगाडा लहान तुकडे करून खोल, वेगवान धारेत टाकायला सांगतात, काही ठिकाणी अख्खा मासा घेऊन जा म्हणतात. नदीवरचा फलक वाचा. अख्खा सांगाडा संथ पाण्यात टाकला तर तो खालच्या वळणावर काठाला लागतो, आणि त्या वळणावर कोणीतरी गळ टाकून उभं असतंच.

कट्टर_शिकारी
माशांच्या पिशवीकडेच अस्वल आलं तर टाकून निघायचं की नाही? उलटाप्रवाहांचं ऐकलं तर एकही मासा मिळू द्यायचा नाही.

उलटाप्रवाह
ते लांब असतानाच पिशवी उचलून निघायचं, म्हणून तर ती हातापाशी. पण ते दहा मीटरवर आलं आणि पिशवीच हवी आहे हे स्पष्ट असेल, तर सोडा. अस्वल बिघडेल हे खरं, पण सॅमनसाठी ओढाताण करायची नसते. नंतर रेंजरला कळवा, म्हणजे ते पुढच्यांना सावध करतील. स्वतःहून अस्वलाकडे मासा भिरकावून लक्ष वळवायची युक्ती मात्र करू नका. ते मासा खाईल आणि दुसऱ्यासाठी येईल.

गळकरी
मग मूळ प्रश्नाचा क्रम असा लावतोय, चुकत असेल तर सांगा: सोबत्यांना ओरडून सांगणं, ढील किंवा तोडणं, एका हातात स्प्रे, काठाकडे, एकत्र, मागे. रॉड हातात ठेवायचा का?

नदीकाठ
क्रम ठीक, पण स्प्रे काढणं तोडण्याच्याही आधी, जर अस्वल ४५ मीटरच्या आत असेल तर. ढील द्यायला एक हात पुरतो, बेल उघडून सोडून द्या आणि दुसरा हात डब्यावर. त्याहून लांब असेल तर तुम्ही लिहिलंत तसं. रॉड मोकळा असेल तर घेऊन या, नाही तर पाण्यात टाका. रॉड वाचवायला परत वळलेला माणूस हीच सर्वात मोठी अडचण होते.

आणि चौघे आहात, तर एकाने रॉड धरूच नये. प्रवाहाच्या आवाजात मागचं काही ऐकू येत नाही, पावसात हुड डोक्यावर असेल तर मुळीच नाही. अर्ध्या तासाने पाळी बदला. पहारेकऱ्याने झाडीकडे तोंड करायचं, माशांकडे नाही.

तिरपागडा
पहिला पहारा मेव्हण्याचा.

सायली_जोग
गळकरी, एक राहिलं. स्प्रे विमानात नेता येत नाही, हातातल्या सामानात नाही आणि चेक-इनमध्येही नाही. तिथे उतरल्यावर घ्या. पाण्यावर उतरणाऱ्या छोट्या फ्लोटप्लेनने पुढे जाणार असाल तर वैमानिकाला आधी सांगा. तो केबिनबाहेर, बरेचदा फ्लोटच्या कप्प्यात ठेवतो. केबिनमध्ये डबा फुटला तर कोणालाच काही दिसणार नाही. उन्हात बंद गाडीतही ठेवू नका, ५० अंशांच्या पुढे डबा फुटू शकतो. डब्यावरची मुदत साधारण तीन-चार वर्षांची असते, घेताना बघा.

आणि सरावासाठी तिखट नसलेला निष्क्रिय डबा मिळतो. एक आणा, चौघांनी वेडर्स घालून, एका हातात रॉड धरून क्लिप उडवून बघा. हातमोजे घालणार असाल तर हातमोज्यांसकट.

गळकरी
फ्लोटप्लेन आहे एक दिवस. वैमानिकाला आजच लिहितो.